आबांना झोपू द्या

ड्रायव्हरच्या खाकी शर्टाच्या खिशात काय असतं? पेन, बिडीचं बंडल, फार तर देवाचा एखादा फोटो. आमच्या आबांच्या खिशात हिरव्या मिरच्या असायच्या. स्टेअरिंगवर बसले की एक मिरची काढायची, देठ खुडून खिडकीबाहेर टाकायचा, अर्धी मिरची कचकन चावायची, डोळ्यांत आलेलं पाणी बाहीनं पुसायचं आणि मग स्टार्टर मारायचा. उरलेली अर्धी पुढच्या स्टॉपपर्यंत दाढेत.

नव्या प्रवाशांना वाटायचं, खान्देशी माणूस, मिरचीशिवाय करमत नसेल. मलाही आधी तसंच वाटलं. पहिल्याच आठवड्यात मी चेष्टा केली, "काय आबा, घरी ठेचा पुरत नाही का?" त्यांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. डोळे लाल, पापण्या जड. म्हणाले, "मनी झोपच व्हत नही, मास्तर."

मास्तर म्हणजे मी, त्यांच्या गाडीवरचा कंडक्टर. मी मूळचा पहूरकडचा. ऐंशीच्या दशकात नोकरी लागली आणि धुळे जिल्ह्यातल्या एका डेपोत येऊन पडलो. डेपो कुठला ते सांगत नाही आणि आबांचं नावही सांगत नाही. त्यांची मुलं आता संसाराला लागली आहेत, उगाच कशाला? आबा शिंदखेड्याकडचे, माझ्यापेक्षा पंधरा-सोळा वर्षांनी मोठे, अंगानं चांगलेच भरलेले. मान तर इतकी जाड की शर्टाचं वरचं बटण कधी लागलंच नाही.

त्यांचं ते वाक्य ऐकून मी मोठ्यानं हसलो होतो. कारण अख्ख्या डेपोत झोपेच्या बाबतीत आबांचा हात धरणारं कोणी नव्हतं. कॅन्टीनच्या बाकावर झोपायचे, पंक्चर निघेपर्यंत टायरला टेकून झोपायचे, पगाराच्या रांगेत उभ्याउभ्या डुलक्या काढायचे. एकदा न्हाव्याच्या खुर्चीत झोपले आणि घोरण्यानं दचकून न्हाव्यानं त्यांची अर्धी मिशीच उडवली. आणि हा माणूस म्हणतो, झोप होत नाही! तुम्ही तरी विश्वास ठेवला असता का? तुमच्या गल्लीतही असा एखादा असेल. ओट्यावर बसल्या बसल्या घोरतो, येणारे-जाणारे हसतात, सुखी माणूस म्हणतात. आम्हीही तेच म्हणायचो.

घोरणं मात्र खरंच बघण्यासारखं होतं. आमची एक फेरी मुक्कामाची असायची. संध्याकाळी गाडी एका खेड्यात न्यायची, रात्री तिथंच राहायचं आणि सकाळी पहिली फेरी तिथून काढायची. उन्हाळ्यात आम्ही गाडीच्या टपावर पथारी टाकायचो. पहिल्या मुक्कामाला सकाळी गावातला एक म्हातारा मला दटावायला आला. "काय हो मास्तर, रातभर इंजिन चालू ठेवलं, डिझेल काय फुकटचं येतं का?" मी आबांकडे बोट दाखवलं. म्हाताऱ्याला पटेना. मग दुसऱ्या मुक्कामाला तो मुद्दाम ऐकायला आला आणि सोबत चौघांना घेऊन आला.

त्या टपावरच मला एक गोष्ट कळली होती. हे मी आज कबूल करतो. आबांचं घोरणं चढत चढत जायचं आणि एकदम बंद पडायचं. पूर्ण बंद. श्वासाचाही आवाज नाही. मी आकडे मोजायचो. वीस, पंचवीस, तीस. मी उठून बसणार एवढ्यात त्यांचं सगळं अंग हिसका खायचं, घशातून मोठा आवाज निघायचा आणि घोरणं पुन्हा सुरू. सकाळी मी डेपोत सांगायचो, "आबा झोपेतसुद्धा ब्रेक मारतात बरं का!" सगळे खो खो हसायचे. आबाही हसायचे. आणि मग कपाळ दाबत बसायचे, कारण सकाळी उठल्या उठल्या त्यांचं डोकं ठणकायचं. तोंडाला कोरड पडलेली, तांब्याभर पाणी एका दमात संपायचं.

"रातभर झोपस, तरी अंग हलकं व्हत नही," म्हणायचे. आणि मिरची काढायचे.

दुपारची फेरी माझ्या जिवावर यायची. जेवण झालेलं, काचेतून ऊन, गाडीचा एकसुरी आवाज. आरशात आबांचे डोळे दिसायचे. पापणी खाली यायला लागली की मला घाम फुटायचा. घंटीची दोरी ओढता येत नव्हती, कारण एक घंटी म्हणजे थांबा आणि दोन म्हणजे चला. मग मी तिकिटाचा पंच केबिनच्या जाळीवर आपटायचो. टक टक टक. आबांनी त्यावर हॉर्नचा एक छोटा आवाज द्यायचा, म्हणजे जागा आहे. हॉर्न आला नाही की मी धावत पुढं जायचो आणि काहीबाही बोलायचो. "आबा, मुलीचं स्थळ बघितलं का?" "आबा, यंदा कपाशीचं काय?" प्रवाशांना वाटायचं मास्तर बडबड्या आहे. अहो, मी बडबड्या नव्हतो, मी भ्यालेला होतो. चार वर्षांत मला बडबडीची सवय लागली ती अशी.

आम्ही दोघं तर ही युक्ती काढून खूश होतो. पंच आणि हॉर्न. बस, भागलं. त्यांना गाडी सोडायची नव्हती. घाटात, चिखलात, आठवडी बाजाराच्या गर्दीत आबांच्या हाताखाली गाडी निमूट चालायची. गरोदर बाई चढली की ते आरशात बघून ठेवायचे आणि उतरेपर्यंत एक धक्का बसू द्यायचे नाहीत. असा माणूस स्टेअरिंगवरून उठवायचा कसा? मी कुणाला सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी त्यांना गाडीवरून उतरवलं असतं. म्हणून मी गप्प बसलो. आबांवर उपकार करतोय असंच मला वाटत होतं.

दवाखाने झाले नाहीत असं नाही. गावातल्या डॉक्टरांनी बीपी वाढलंय म्हणून गोळ्या दिल्या. "झोप होत नाही" म्हटल्यावर झोपेच्याही दिल्या. त्या घेतल्यापासून सकाळी आबांना उठवायला दोन माणसं लागायला लागली. स्वभाव बदलला. कधी कुणाला वाईट न बोलणारा माणूस, एकदा सुट्ट्या पैशांवरून माझ्याशी हुज्जत घालणाऱ्या प्रवाशावर असा ओरडला की बाई-माणसं खाली उतरायला निघाली. नंतर मागं येऊन त्याच माणसाला "माफ करा भाऊ" म्हणाले. पाटी बघूनही रस्ता विसरायला लागले. एकदा फाट्यावर वळायचं सोडून सरळ निघाले. मी पंच आपटला, ते हॉर्न देऊन सरळच गेले. आम्ही दोन किलोमीटर पुढं जाऊन परत फिरलो.

आणि मग तो थंडीतला दिवस आला. आदल्या रात्री मुक्काम होता. थंडीमुळे गाडीत झोपलो होतो, दारं-खिडक्या बंद, आणि त्या डब्यात आबांचं घोरणं. माझ्या डोळ्याला डोळा लागला नाही. दुपारी शिंदखेड्याहून निघालो तेव्हा गाडी भरलेली, साठेक माणसं. तिकिटं फाडून झाली आणि मी माझ्या सीटवर टेकलो. पाठीवर ऊन येत होतं. फार बरं वाटलं. पंच हातात होता.

मला जाग आली ती आरडाओरड्यानं. गाडी रस्ता सोडून खडखडत उतरली होती आणि एका पडीक शेतातून चालली होती. समोर बांध. आबांनी करकचून ब्रेक दाबला, गाडी बांधाला नाक लावून उभी राहिली. धुळीचा लोट आत आला. एका म्हातारीची बोरांची पाटी उपडी होऊन गाडीभर बोरं घरंगळली. दोघा-तिघांना खरचटलं. बाकी कुणाला काही नाही. रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला विहीर होती, बिनकठड्याची. गाडी तिकडे उतरली असती तर हे लिहायला मी नसतो.

लोक खाली उतरले. कुणीतरी म्हणालं, "वासरू आडवं आलं असंन." दुसरा म्हणाला, "आलंच ना! मी पाहिलं." पाच मिनिटांत वासराला आईही मिळाली आणि मालकही मिळाला. लोक आबांचे हात धरायला लागले. "आबा, तुम्ही व्हते म्हनून वाचलो!" बोरांची म्हातारी आपली बोरं वेचता वेचता त्यांना मूठभर देऊन गेली. आबा ती मूठ तशीच मिटून उभे होते.

डेपोत आल्यावर मी धावत जाऊन कागद घेतला आणि रिपोर्ट लिहून काढला. वासरू आडवे आल्याने प्रसंगावधान राखून वगैरे. आबांपुढं ठेवला. "सही करा."

त्यांनी वाचला. मग विचारलं, "वासरू कोनता रंगनं व्हतं, मास्तर?"

"आबा, मस्करीची वेळ आहे का ही? सही करा. लोकच म्हणतायत ना."

"माले झोप लागनी व्हती," ते म्हणाले. "साठ मानसं व्हतात गाडीमा."

मी हातापाया पडलो. खोटं कशाला सांगू, त्यात माझाही जीव अडकला होता. झोप त्यांना एकट्याला लागली नव्हती. जाळीवर पंच वाजला असता तर गाडी शेतात गेली नसती. आबांनी ते ओळखलं. कागद माझ्याकडे सरकवून म्हणाले, "तुनं नाव मी सांगस नही. तू बस." आणि तसेच मॅनेजरच्या खोलीत गेले. बाहेर आल्यावर खिशातल्या मिरच्या काढून त्यांनी कॅन्टीनच्या ताटलीत ठेवल्या. त्या संध्याकाळी मी माझ्या खोलीत बसून लहान पोरासारखा रडलो.

आबांची गाडी गेली. साहेब भला माणूस होता. मोठी शिक्षा न करता त्यानं त्यांना डेपोच्या गेटवर बसवलं. दिवसाची पाळी, खुर्ची, येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांची वही. चांगल्या मनानं दिलेलं काम. पण बघा ना, झोपेनं घात केलेल्या माणसाला नेमकं राखणीला बसवलं! पोरं टवाळी करायची. आबा त्यांच्याबरोबर हसायचे. मी गाडी घेऊन बाहेर पडलो की मात्र गाडीचा मागचा दिवा दिसेनासा होईपर्यंत बघत राहायचे. माझ्या नव्या ड्रायव्हरचे डोळे टक्क उघडे असायचे, तरी मी सवयीनं जाळीवर पंच आपटायचो. तो चिडायचा.

नव्वद साल उलटून दोन-चार वर्षं झाली असतील. धुळ्याला एक तरुण डॉक्टर नवीन आला होता. माझ्या सासऱ्यांना दम्यासाठी त्याच्याकडे नेलं होतं, तेव्हा मला आबांची आठवण झाली. पुढच्या सुट्टीला आबांना आणि वहिनींना घेऊन गेलो. डॉक्टरनं बीपी बघितलं, मानेभोवती टेप धरली. मानेचं माप घेणारा डॉक्टर मी पहिल्यांदाच बघत होतो. मग विचारलं, "घोरतात का?"

मी हसलो. "अहो डॉक्टर, गाव म्हणायचं गाडीचं इंजिन चालू राहिलं!"

तो हसला नाही. "घोरता घोरता मध्येच बंद पडतं का?"

माझं हसू तोंडातच राहिलं. माझ्या आधी वहिनीच बोलल्या. "बंद पडस, भाऊ. श्वासच बंद पडस. मी हालावस, मंग परत चालू व्हस. लगीन व्हयनं तैपासून नही, पन दहा-बारा वरीस व्हयनात." आणि खाली मान घालून म्हणाल्या की इतकी वर्षं त्या रात्री अर्ध्या जाग्याच असतात, नवऱ्याच्या छातीवर हात ठेवून.

डॉक्टरनं कागदावर घशाचं चित्र काढलं. झोपेत घसा सैल पडून मिटतो, श्वास अडतो, जीव गुदमरतो, मग शरीर हिसका देऊन जागं होतं. माणसाला त्यातलं काहीच आठवत नाही. रात्रभर पुन्हा पुन्हा तेच. म्हणून दिवसा झोप, म्हणून डोकं दुखतं, राग येतो, विसर पडतो, बीपी चढतं आणि हृदयावर ताण येतो. "झोपेच्या गोळ्या आजपासून बंद," तो म्हणाला. "त्यांनी घसा आणखी सैल पडतो." मग आबांकडे बघून म्हणाला, "काका, तुम्ही खरं बोलत होता. तुमची कित्येक वर्षांत झोपच झालेली नाही."

बाहेर आल्यावर रिक्षा स्टँडवर आबांनी माझा हात दाबला. एवढा जाडजूड माणूस, डोळे भरून आले होते. आणि त्या वेळी तोंडात मिरची नव्हती.

मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात रात्रभर झोपवून तपासतात, तोंडाला लावायचं एक यंत्रही असतं, असं डॉक्टरनं सांगितलं होतं. आबांना त्याची गंमत वाटली. "झोपाले मुंबई जानं? गावमा खाट नही शे का?" पण तयार झाले. दिवाळीची गर्दी ओसरली की मी रजा काढून सोबत जायचं ठरलं. तोवर वजन उतरवायचं आणि उताणं झोपायचं नाही. त्यासाठी वहिनींनी त्यांच्या बंडीला पाठीमागून खिसा शिवला आणि त्यात रबरी चेंडू घातला. उताणे झाले की चेंडू टोचायचा, आबा कुशीवर वळायचे. पंधरा दिवसांनी गेटवर मला थांबवून म्हणाले, "आज जराशी झोप व्हयनी, मास्तर!" इतका आनंद मी त्यांच्या तोंडावर कधी बघितला नव्हता. मी गाडीतून उतरून त्यांना पेढा आणून दिला, वजनाचं विसरून.

दिवाळीला आठ दिवस होते. मी दुपारी एकच्या सुमाराला फेरी संपवून आलो. आबा गेटजवळ लिंबाच्या सावलीत खुर्चीवर बसले होते, डोकं मागं भिंतीला टेकलेलं, हात वहीवर. झोपले होते. मी जवळ गेलो आणि थबकलो. घोरत नव्हते. इतक्या वर्षांत आबांना मी न घोरता झोपलेलं बघितलं नव्हतं. चेहरा कसा मोकळा झाला होता. मला भरून आलं. मनात म्हटलं, आला गुण चेंडूचा.

कॅन्टीनवाला चहा घेऊन आला होता. मी त्याला परतवलं. "झोपू दे रे त्यांना. कधी नव्हे ते शांत झोपलेत." एक गाडी आत येत होती, तिचा ड्रायव्हर हॉर्न द्यायला लागला. मी हात करून त्याला थांबवलं. मग गेटवर उभा राहून येणाऱ्या प्रत्येक ड्रायव्हरला सांगितलं, हॉर्न वाजवू नका, आबा झोपलेत. सगळ्यांनी ऐकलं. आबांवर सगळ्यांचा जीव होता. गाड्या गुपचूप आत गेल्या, गुपचूप बाहेर पडल्या. वहीत नोंदी मीच केल्या, त्यांच्या हाताखालून वही अलगद काढून. मग माझी फेरी होती म्हणून मी निघालो, जाताना पुन्हा सगळ्यांना बजावून.

चारला परत आलो. सावली सरकली होती. ऊन थेट आबांच्या तोंडावर पडलं होतं, उघड्या पापणीच्या फटीतही, आणि त्यांनी खुर्ची हलवली नव्हती. मी गाडी थांबायच्या आत उडी मारली. खांदा धरून हलवलं. मग कसं कोण जाणे, हातातला पंच मी खुर्चीच्या लोखंडी दांडीवर आपटायला लागलो. टक टक टक. टक टक टक. लोकांनी मला धरून बाजूला केलं.

डॉक्टर नंतर म्हणाले, हृदय बंद पडलं, मी एक वाजता आलो त्याच्याही आधी गेले असतील, तुमच्या हातात काही नव्हतं. असेल तसं. पण एक वाजता मी त्यांना हलवलं नाही, एवढं मला माहीत आहे. वहिनी रात्र रात्र हलवत आल्या होत्या. मी एक दुपार झोपू दिलं.

आता मी निवृत्त होऊनही बरीच वर्षं झाली. पंच डेपोत जमा केला. माझी बायकोही वयानं जराशी जाड झाली आहे आणि घोरते. मुलं-सुना हसतात, मोबाइलवर तिचं घोरणं भरून ठेवतात. मला हसू येत नाही. रात्री मी छताकडे बघत पडलेला असतो. तिचं घोरणं चालू असेपर्यंत ठीक असतं. थांबलं की मी आकडे मोजायला लागतो. पाचाच्या पुढं जात नाही. लगेच खांदा धरून तिला हलवतो.

"अहो, काय हे रोजचं? झोपू द्या ना मेलं!" ती चिडून ओरडते आणि कुशीवर वळते.

ती अशी चिडली, की मला बरं वाटतं.